कौतिकअक्कांचा फेरा

दोंडाईच्यात सकाळच्या पारी रिकाम्या हाताने चालणारं माणूस दिसलं, की त्याचं काहीतरी हरवलंय असं लोक समजतात. तेच माणूस दुसऱ्या दिवशी दिसलं तर ते कुणाच्या तरी पाळतीवर आहे. तिसऱ्या दिवशीही दिसलं तर ते जमीन घेतंय. कौतिकअक्कांना हे माहीत नव्हतं असं नाही. हा सगळा कायदा त्यांनीच ओट्यावर बसून, शेंगा फोडता फोडता, गल्लीला लावून दिलेला होता. त्यामुळे स्वतःवरच तसं चालायची पाळी आली तेव्हा अक्कांना पहिला राग आला तो धुळ्याच्या डॉक्टरचा.

डॉक्टर पोरगेलासा होता. ज्याला अजून धड मिशी फुटली नाही त्याने आपल्याला जेवणाचे नियम सांगावेत, हेच अक्कांना पटलं नव्हतं.

"आजी, साखर फार वाढलीय. गोड एकदम बंद. रोज सकाळी मोठा फेरा मारायचा. महिन्याने परत या. उतरली नाही तर रोज पोटात सुई घ्यावी लागेल."

"कोणाच्या पोटात?"

"तुमच्या."

अक्कांनी शेजारी उभ्या असलेल्या सुकलालकडे असं बघितलं, जणू साखर त्यानेच कालवली होती. सुकलाल त्यांच्या भावाचा मुलगा. धुळ्यात कुठल्याशा साहेबांची गाडी चालवायचा. "हे दोंडाईच्याला समजलं, तर तुझ्या लग्नात मी मांड्यांचं खापर चुलीवर ठेवणार नाही," एवढंच अक्का म्हणाल्या. सुकलालने गळ्याला हात लावून शपथ घेतली. अक्कांच्या हातचे मांडे नसतील तर निम्मे भाऊबंद लग्नाला फिरकणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एवढं लपवायला काय झालं होतं? झालं होतं. समोरच्या पुष्पाबाईच्या नवऱ्याला साखर निघाली, तेव्हा भरल्या हळदीकुंकवात अक्का बोलून गेल्या होत्या, "राबणाऱ्या अंगाला साखर होत नाही व. बसल्या अंगाला होते." पुष्पाबाईने ते तिळगुळासकट गिळलं. पण गिळलेलं पचत नसतं. तेव्हापासून ती आपल्या दारातून अक्कांच्या दाराकडे जी बघत बसली होती, ती अजून बघतच होती. तिला साखरेचा वास लागण्यापेक्षा पोटात सुई परवडली, असं अक्कांना वाटे. पण सुईचा डबा घरात आला की सून बघणार, सुनेने बघितलं की गल्ली बघणार. म्हणजे सुई नको असेल तर चालायलाच हवं, आणि चालायचं कारण मात्र कुणाला सांगायचं नाही.

अक्कांनी फेरा ठरवला तो गोल. गेल्या वाटेने परत आलं की माणूस काहीतरी विसरल्यासारखं दिसतं. घरातून निघायचं, स्टेशनच्या मागच्या अंगाने फाटक ओलांडायचं, इसाकभाईंच्या पथारीवरून, म्हणजे ते जिथे एकरभर मोकळ्या जागेत लाल मिरची वाळत घालतात तिथून, शिंकत शिंकत पाटचारीला लागायचं. मग प्लॉटवाल्या निंबाचा खडकाळ तुकडा, मग पुष्पाबाईचा मळा, मग आपल्या शेताचा बांध, आणि पलीकडून पुन्हा गावात.

पहिल्याच दिवशी इसाकभाईंनी हटकलं, सकाळीच कुठे निघालात म्हणून. "सकायमा कथा चालन्या, अक्का?"

"कथाच नही. पाय शेतस, चाली ऱ्हायनू."

इसाकभाई अनेक वर्षं मिरचीचा व्यापार करत होते. 'कुठेच नाही, पाय आहेत म्हणून चालतेय' असं म्हणणाऱ्या माणसाकडे हमखास माल असतो, हा त्यांचा अनुभव. त्यांनी नुसती मान हलवली.

आता चालायची सवय नसलेलं शरीर. जरा पुढे गेलं की अक्कांना धाप लागे. धाप लागलेली दिसू नये म्हणून त्या कमरेवर हात ठेवून, डोळे बारीक करून दूरवर बघत उभ्या राहत. लांबून वाटे, बाई जमीन मोजतेय. चार दिवसांत त्यांनी बसण्यासाठी ठिकठिकाणी एकेक चपटा दगड लोटून ठेवला. पण आपल्याकडे बिनरंगाचा दगड सगळ्यांचा असतो. दुसऱ्या दिवशी तो कुणाच्या तरी पायरीला लागलेला दिसतो. म्हणून अक्कांनी दिवाळीचा उरलेला चुना डब्यात घेऊन सगळ्या दगडांना फासला. शहाणपणाचं काम केलं या समाधानात त्या घरी आल्या आणि पाय चेपत बसल्या.

इकडे गावाला घाम फुटला. शेतांच्या कडेने, गोल, पांढरे दगड!

निंबा पूर्वी बैलांचा दलाल होता. बैलाचे दात लोक तपासून घेतात, प्लॉटला दात नसतात, म्हणून त्याने धंदा बदलला. त्याने पुष्पाबाईच्या ओट्यावर बसून सगळं उलगडून दाखवलं.

"सुकलाल कोणाकडे गाडी चालवतो?"

"मोठ्या साहेबाकडे, असं तीच सांगत असते."

"अक्का मागल्या आठवड्यात धुळ्याला कोणाकडे गेली?"

"सुकलालकडे."

"आल्यापासून काय करते?"

"फिरते."

"सरळ फिरते का गोल?"

पुष्पाबाईने तोंडावर हात ठेवला. "व माय! गावाभोवतीचा रस्ता?"

"तुम्हीच म्हणालात, मी नाही म्हणालो," असं म्हणून निंबा उठला आणि पुढच्या ओट्यावर जाऊन तेच त्याने पुन्हा पहिल्यापासून विचारलं.

रस्त्यात जमीन जाणार असेल तर नुसत्या जमिनीचं वेगळं मिळतं, झाडाचं वेगळं, बोअरचं वेगळं आणि शेडचं वेगळं, हे आपल्या भागात शाळा न शिकलेल्यालाही पाठ असतं. त्यासाठी झाड किती मोठं असावं याबद्दल मात्र मतभेद असतात. आठवडाभरात अक्कांच्या फेऱ्यावर बाग फुलली. जिथे कुसळही उगवत नव्हतं त्या निंबाच्या तुकड्यात डाळिंबाच्या काड्या उभ्या राहिल्या. काहींना मुळं होती, बाकीच्या त्याने कुणाच्या तरी कुंपणातून तोडून आणून खोचल्या होत्या. पाटचारीजवळ एकाने कोंबड्यांची शेड घातली. कोंबडी एकच होती, तीही शेजाऱ्याची. इसाकभाईंनी पथारीला पत्र्याची भिंत घातली आणि तिला ते गोदाम म्हणू लागले.

आणि प्रत्येक कामाला नारळ. नारळाबरोबर पेढा. पेढ्याचा पहिला मान कुणाचा? जिच्यामुळे नशीब उघडलं तिचा!

"अक्का, चहा पीसन जा," इसाकभाई वाट अडवून उभे राहत. पथारीवरचा चहा असा, की चमचा उभा राहावा. नको म्हटलं तर इसाकभाई कारण विचारणार. कारण एकच होतं आणि ते सांगायचं नव्हतं. अक्का डोळे मिटून चहा प्यायच्या. पुढे शेडवाल्याचा पेढा, त्यापुढे निंबाची जिलेबी, आणि शेवटी पुष्पाबाईच्या मळ्यात गुळाचा काला. पुष्पाबाई काला द्यायची आणि अक्का शेवटचा घास गिळेपर्यंत समोरून हलायची नाही. हिला वास लागलाय का, या विचारानेच अक्का दुसऱ्यांदा काला मागून घ्यायच्या.

घरी वेगळंच. सून ज्योत्स्ना पाचोऱ्याची. जंक्शनवर वाढलेली, त्यामुळे कुठली गाडी कुठे वळते याचा तिला लहानपणापासून अंदाज. सासूबाई रोज शेताच्या बांधावरून फिरून येतात आणि काही बोलत नाहीत, याचा अर्थ शेत नणंदेच्या नावावर चाललंय, असा तिने लावला. तो लावल्याबरोबर घरात डिंकाचे लाडू आले.

"आत्या, थंडीचे दिवस आहेत. रोज दोन खात जा."

लग्नाला इतकी वर्षं झाली, या बाईने न मागता पाण्याचा तांब्या पुढे केला नाही. आज लाडू? अक्कांनी लाडू वास घेऊन, फोडून, आत काही आहे का ते बघून खाल्ले. आत तूपच होतं. त्यामुळे संशय आणखी वाढला.

खरी गंमत पुढे झाली. एके सकाळी अक्का मळ्याजवळ आल्या तर पुष्पाबाई एका माणसाला हातावर नारळ उभा धरायला लावून जमिनीतलं पाणी बघून घेत होती. बोअरची जागा ठरत होती. अक्का जागच्या जागी थबकल्या. पुष्पाबाई ही अशी बाई, जी पाहुण्यांना सुपारी अर्धी करून देते. ती बोअर मारते? उगाच? अक्कांच्या डोक्यात लख्ख पडलं. रस्ता खरंच येतोय! सगळ्या गावाला माहीत आहे आणि मलाच कुणी सांगितलेलं नाही. म्हणून हे चहा, हे पेढे, हे लाडू. मला गोड खाऊ घालून गाफील ठेवतायत मेले.

त्यांनी शेजारच्या पोराकडून सुकलालला फोन लावून घेतला.

"रस्ता कुठून जातोय?"

"कोणता रस्ता, आत्या?"

"माझ्याशी सरकारी बोलू नको. गावाभोवतीचा."

"असा काही रस्ता नाही आत्या. साहेब तर पशुसंवर्धनात आहेत."

अक्कांनी फोन ठेवला. सरकारातला माणूस 'बघतो' म्हणाला तर काम होत नाही, आणि 'असं काही नाही' म्हणाला तर ते होऊन गेलेलं असतं, एवढं त्यांना कळत होतं. राहता राहिलं पशुसंवर्धन. ते तर वरवरचं सांगायला असणार. दुसऱ्याच दिवशी अक्कांच्या बांधावर लिंबाची रोपं ओळीने उभी राहिली.

आता कुणाला काही शंका असण्याचं कारणच उरलं नाही. "अक्कांनी स्वतः लावली!" हे वाक्य स्टेशनपासून बाजारापर्यंत फिरलं. ज्यांनी पेरू लावले होते त्यांनी ते उपटून लिंबं लावली. तार ओढली गेली, काटे पडले. अक्कांचा फेरा जागोजागी अडला. एका ठिकाणी तर त्यांना तारेखालून वाकून जावं लागलं, आणि वाकलेल्या अवस्थेतच समोरून पेढ्याचा हात आला.

महिना झाला. अक्का धुळ्याला गेल्या. डॉक्टरने रिपोर्ट बघितला, अक्कांकडे बघितलं, पुन्हा रिपोर्ट बघितला.

"आजी, चालता ना?"

"गावाला विचारा."

"मग ही साखर चढली कशी? आता सुईशिवाय इलाज नाही. फार तर एक महिना देतो. शेवटचा."

येताना बसमध्ये खिडकीशी बसलेल्या बाईने उसाचं कांडं पुढे केलं, तेव्हा अक्कांनी तिच्याकडे असं बघितलं की ती पुढच्या थांब्याला उतरली. आता स्पष्ट झालं होतं. चालण्याने साखर उतरत होती आणि न सांगण्याने चढत होती. या दोन्हीत न सांगणं भारी पडत होतं.

दुसऱ्या दिवशी पुष्पाबाईच्या मळ्यात बोअरच्या मशीनची पूजा होती. फेऱ्यावरचं झाडून सगळं गाव जमलं होतं. मशीन घरघरत होतं, पांढरी धूळ उडत होती, आणि मधोमध खुर्चीवर अक्का. पुष्पाबाईने ताटातला पेढा उचलला, चांगला लिंबाएवढा, आणि अक्कांच्या तोंडापाशी आणला.

"तोंड उघड व अक्का. तुझ्याच पायगुणाने होतंय सगळं."

अक्कांनी पेढ्याकडे बघितलं. पेढ्यामागे पुष्पाबाईचं तोंड होतं, आणि त्या तोंडावर ते हळदीकुंकू जसंच्या तसं होतं. अख्ख्या जन्मात अक्कांनी चारचौघांत मान खाली घातली नव्हती. सासऱ्यांपुढे नाही, दुष्काळात नाही. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि पुष्पाबाईचा हात बाजूला केला.

"रस्ता-बिस्ता काही नही," त्या मशीनच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. "माले साखर शे. धुळाना डाक्टरनी चालाले सांगेल शे. म्हनीसन चालस. बस."

मशीनवाल्याने मशीन बंद केलं.

मग निंबा हसला. "काल धुळ्याहून आल्या. आज म्हणतात रस्ता नाही."

"साखर म्हणे!" इसाकभाई म्हणाले. "अक्का, परवा सकाळीच तुम्ही माझ्या पथारीवर दोन कप रिचवले. वर म्हणालात, आज गोड कमी आहे."

"ते तुम्ही संशय घ्याल म्हणून प्यायले!"

"आणि माझा काला? रोज दुसऱ्यांदा मागून घेतलास," पुष्पाबाई पुढे आली. "राबणाऱ्या अंगाला साखर होत नाही, हे कोण बोललं होतं व? तू म्हणालीस ते खोटं होतं का? नाही ना? मग आता खोटं बोलस तू."

अक्कांनी स्वतःच्याच शब्दाला खोटं म्हणायचं तरी कसं?

"सरळ सांगा ना," निंबाने गळ घातली, "रस्ता दुसरीकडून वळवला. कोणाच्या शेतातून वळवला तेवढं सांगा. साखरेचं नाव कशाला पुढे करता?"

"नाही सांगायच्या," कुणीतरी मागून म्हणालं. "तिकडची जमीन आधीच घेतली असेल."

तेवढं पुरलं. माणसं फोन कानाला लावून चहूकडे पांगली. मशीनवाला तेवढा उभा होता. "बाई, अजून खाली जायचं का?" त्याने पुष्पाबाईला विचारलं. "इथवर तर फुफाटाच लागलाय."

संध्याकाळपर्यंत फेरा उजाड झाला. तारा गुंडाळल्या गेल्या, शेडचे पत्रे उतरले, शेजाऱ्याची कोंबडी घरी गेली. निंबाच्या डाळिंबाच्या काड्या बकऱ्यांनी खाल्ल्या. त्यांना मुळं होती की नव्हती याची बकऱ्यांनी चौकशी केली नाही.

अक्का घरी येऊन खाटेवर पडल्या. आपली लाज आपल्या हाताने चव्हाट्यावर मांडली, आणि ती कुणी उचललीसुद्धा नाही! चोर म्हटलं असतं तर चाललं असतं. पण खोटी? ज्योत्स्नाने लाडू पुढे केला आणि हळूच विचारलं, "आत्या, मला तरी खरं सांगा ना. रस्ता कुठे गेला?"

अक्का ताडकन उठून बसल्या. लाडू ताटलीसकट परत ढकलला. "ऐक आणि सगळ्या गल्लीला सांग. ज्या गावाने मला खोटी ठरवलं, ते गाव दारात येऊन पाया पडल्याशिवाय माझ्या तोंडात गोडाचा कण जाणार नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा."

आजार असता तर ज्योत्स्नाने वाद घातला असता, एखाद्याने काय होतं म्हणाली असती. पण हा राग होता. रागाला या घरात फार मान होता. तिने त्याच रात्री साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून अक्का पुन्हा चालू लागल्या. फेरा तोच, आता मोकळा. इसाकभाई त्यांना बघून खुर्ची फिरवून बसायचे. चहाचं नाव नाही. शेडवाला पाठ करायचा. निंबा स्कूटरचा हॉर्न वाजवून धूळ उडवत जायचा. पुष्पाबाई तर मळ्याच्या तोंडाशी उभी राहून त्यांना ऐकू जाईल असं कोरड्या बोअरला शिव्या द्यायची. गावाने अक्कांना पाणीसुद्धा विचारलं नाही. अक्का ताठ मानेने, रागाने चालत. रागाने चाललं की पावलं लांब पडतात आणि धापही लागत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

महिन्याने डॉक्टरने रिपोर्ट बघितला आणि खुर्चीतून अर्धवट उठला. "आजी, कमाल आहे! सुईची गरजच नाही. काय केलंत?"

"गावाशी वाकडं घेतलं."

"असंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाला. "सोडलंत तर पुन्हा चढेल."

दुसऱ्या सकाळी अक्का मळ्याजवळ पोचल्या तर पुष्पाबाई वाटेवरच उभी. हात रिकामे. पदर डोक्यावरून घेतलेला. चेहऱ्यावर असं काही, जे अक्कांनी तिथे पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"अक्का, थांब व." तिचा आवाज मऊ होता. "मी रोज बघते. रस्ता गेला, शेडा गेल्या, सगळे गप झाले. तरी तू फिरतेच आहेस. आमचे हे काल म्हणाले, रस्ता नसताना कोण असं फिरतं? साखरवालंच फिरतं. म्हणजे तू खरं बोलली होतीस. आम्हीच..." ती पाया पडायला वाकू लागली.

अक्कांनी झटकन हिशेब केला. ही वाकली की राग मिटला. राग मिटला की फळीवरचा डबा खाली आला, इसाकभाईंची खुर्ची वळली. आणि पुढच्या हळदीकुंकवात ही बाई सगळ्यांसमोर, अगदी मायेने, विचारणार, अक्का, तुझी साखर कशी आहे?

अक्का दोन पावलं मागे सरकल्या. कमरेवर हात ठेवला. डोळे बारीक करून मळ्याच्या पार पलीकडे बघितलं.

"रस्ता गेला असं कोण म्हनं व तुले?"

पुष्पाबाई वाकलेलीच राहिली.

"आणि पाया-बिया पडू नको. माझा राग उतरलेला नाही. चहा-पेढा घेऊन कोणी माझ्या मागे यायचं नाही, सांगून ठेव सगळ्यांना."

एवढं बोलून अक्का लांब लांब पावलं टाकत आपल्या बांधाकडे निघाल्या. मग बांधावर चढता चढता त्यांच्या कानावर पुष्पाबाईची हाक आली. ती अक्कांना नव्हती.

"ओ निंबाभाऊ! त्या मशीनवाल्याले फोन लाव!"